चार दगडांवरून भूविज्ञान: नागपूरच्या शिक्षकांसाठी

भूविज्ञानाचा पहिला तास पृथ्वीच्या गाभ्याच्या आकृतीने सुरू करू नका. त्या आकृतीत मुलांच्या हाताला लागेल असं काहीच नसतं. नागपूरकरांना त्याची गरजही नाही. शहराच्या पश्चिमेला लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना पट्टेदार नाइस, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आणि रामटेक तालुक्यात मनसर-कांद्रीचं मँगनीज.

सातवी-आठवीच्या पाच-पाच मुलांच्या गटाला या चारही दगडांचा मुठीएवढा एकेक तुकडा द्या. त्यांवर नावं नकोत, फक्त १ ते ४ आकडे टाका, कारण नाव कळलं की मुलं बघायचं थांबतात. बेसाल्ट बांधकामाच्या गिट्टीतही सापडतो. मँगनीजसाठी खाणीत शिरू नका, व्यवस्थापनाकडे लेखी मागणी करा.

प्रत्येक तुकड्याची एक बाजू ताजी फुटलेली हवी. ऊनपावसाने बेसाल्टवर तपकिरी साल चढते आणि मुलं तोच दगडाचा रंग म्हणून लिहितात. दगड शिक्षकांनीच आदल्या दिवशी गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून फोडावेत.

आधी दहा मिनिटं फक्त भिंगातून पाहणं: कण दिसतात का, पट्टे आहेत का, बोटाला वाळू लागते का. मग टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासून रेघेचा रंग पाहा. मँगनीजची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी येते. नाइसमधलं क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, मात्र टाइलपेक्षा कठीण असतं. तिथे दिसणारी पांढरी भुकटी टाइलची असते, दगडाची नव्हे. ही चूक जवळपास प्रत्येक वर्गात होते, म्हणून भुकटी पुसून खाली चरा पडलाय का ते बघायला लावा.

बेसाल्ट आणि मँगनीज दोन्ही काळे, तेव्हा खरा निकाल वजनाने लागतो. दगड दोऱ्याने स्प्रिंगच्या काट्याला टांगा. हवेत ३०० ग्रॅम आणि पाण्यात पूर्ण बुडवल्यावर २०० ग्रॅम भरला, तर फरक १००; ३०० भागिले १०० म्हणजे घनता ३. बेसाल्ट २.८ ते ३ च्या आसपास येतो, चांगलं मँगनीज ४ च्या वर जातं. उत्तर भलतंच आलं तर दगड बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकला असणार, नाहीतर त्याला हवेचे बुडबुडे चिकटले असणार.

वालुकाश्माचा आकडा बुडवल्याबरोबर घ्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. पाण्यातलं वजन हळूहळू वाढतं, कारण त्याच्या छिद्रांतली हवा जाऊन पाणी शिरतं. विहिरीला पाणी कुठून लागतं, हे इथेच विचारा. वालुकाश्म कणांमधल्या जागेत पाणी धरतो, तर घट्ट बेसाल्टमध्ये ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं.

आम्लाची चाचणी व्हिनेगरने होते. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, असेल तर फेस येतो, पण सावकाश, म्हणून खिळ्याने थोडी भुकटी करून तिच्यावर थेंब टाका. दगड आधी ब्रशने धुवा. काळ्या मातीत चुन्याचे खडे असतात, आणि माती चिकटलेली राहिली तर नाइसही फसफसतो.

प्रत्यक्ष पाहणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टचीच आहे, ती रस्त्यावरूनही दाखवता येते. नागपूरजवळच्या टाकळीची गोष्ट तर सांगाच. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात तिथले जीवाश्म गोळा केले आणि तिथल्या हिरव्या कॅल्साइटला हिस्लॉपाइट हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. तापलेल्या लाव्हात गोगलगाय कशी जगली, असा प्रश्न विचारून थांबा. दोन उद्रेकांच्या मध्ये तिथे तळं साचण्याइतका काळ गेला होता, हे उत्तर मुलांना स्वतः शोधू द्या, मग त्यासाठी पुढचा अख्खा तास गेला तरी चालेल.