पहिले बाळंतपण माहेरी: दोन्ही घरांनी करावयाची तयारी

सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी आणण्याची आपली रीत चांगलीच आहे; तिथे हक्काची विश्रांती मिळते आणि शंका विचारताना संकोच वाटत नाही. अडचण एवढीच, की गरोदरपणाची नोंद सासरच्या गावी झालेली असते आणि माहेरच्या आशाताईंच्या यादीत मुलीचे नावच नसते. म्हणून मुलीबरोबर तिचे कागदही माहेरी गेले पाहिजेत.

निघण्यापूर्वी सासरच्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड उघडून पाहावे. मासिक पाळीची शेवटची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख, रक्तगट, धनुर्वाताच्या लसीच्या नोंदी आणि हिमोग्लोबिनचे आकडे त्यात भरलेले असावेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्या देऊन न थांबता त्या घेतल्या जातात का, हेही पाहावे लागते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी होतो, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, आधार आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचे पासबुक एकाच पिशवीत ठेवावे.

माहेरी पोहोचल्याच्या आठवड्यातच आशाताईंना आणि अंगणवाडीत कळवून नाव नोंदवावे. हे काम बाळंतपणानंतर करू म्हणून बहुतेक घरांत राहून जाते, आणि नेमक्या त्याच काळात त्यांची खरी गरज असते. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन व तापमान पाहतात. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत घडवली आणि पुढे ती देशभर गेली. आशाताई आल्या की ‘बाळ आत्ताच झोपलंय, नंतर या’ असे सांगून त्यांना परत पाठवू नये. झोळीच्या काट्यावर वजन करायला दोन मिनिटे लागतात.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ किंवा १०२ वर फोन करावा. जन्मानंतर बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा श्वास फार जलद चालत असेल, तरीही हेच करावे.

आजीच्या अनुभवाचा मान ठेवूनही काही गोष्टी ठामपणे सांगाव्या लागतात. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू आईने जरूर खावेत, पण बाळाला मध किंवा गुटी चाटवू नये. पहिले चिकाचे दूध टाकून न देता तासाभरात बाळाला पाजावे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडू देऊ नये. सव्वा महिना उंबरा न ओलांडण्याचा नेम पाळायचा असला, तरी सहाव्या आठवड्याची लस चुकवू नये.

जन्माची नोंद जिथे प्रसूती झाली तिथेच, म्हणजे बहुधा माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, २१ दिवसांच्या आत करावी; नाव नंतर घालता येते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद आणि १४ व्या आठवड्यापर्यंतच्या लसी लागतात, म्हणून माहेरी दिलेली प्रत्येक लस त्याच कार्डावर लिहून घ्यावी. सासरी परतल्यावर तेच कार्ड तिथल्या आशाताईंना दाखवावे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर बहुतेक घरांत थाटाने उष्टावण होते आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणाचे पाणी दिले जाते. त्याने पोट भरते, पण वजन वाढत नाही. त्याऐवजी तूप घालून घोटलेला, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट वरणभात दोन-तीन चमच्यांपासून रोज द्यावा आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.