आग मंद असताना ओलं गवत टाकू नका

डिप्रेशनमध्ये मी पहिली चूक केली ती डोळे मिटून तासभर ध्यानाला बसण्याची. श्वास राहिला बाजूला, ‘मी कुचकामी आहे’ एवढंच डोक्यात घोळत राहिलं. उठलो तो आणखी जड होऊन.

संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अग्गिसुत्त (आगीचा दाखला देणारं बुद्धाचं प्रवचन) तेव्हा वाचलं असतं तर! विझत आलेली आग पेटवायची असेल तर तिच्यावर ओलं गवत, ओलं शेण टाकायचं नाही. तसंच मन मरगळलेलं असताना पस्सद्धी (शांतता), समाधी (एकाग्रता), उपेक्खा (समतोल) वाढवायला बसू नये. ती वेळ धम्मविचय (काय चाललंय ते तपासून पाहणं), वीर्य (उत्साहाने प्रयत्न) आणि प्रीतीची (आनंदाची). सती, म्हणजे सजगता, मात्र कधीही चालते.

म्हणून आधी चंक्रमण, म्हणजे चालत केलेलं ध्यान. दारापासून खिडकीपर्यंत माझी अकरा पावलं होतात. डोळे उघडे. टाच टेकली, चवडा टेकला, पाऊल उचललं. मन भरकटलं की पुन्हा तळव्यावर. सुरुवातीला पाचच मिनिटं, तीही घड्याळ लावून. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. येरझाऱ्या पाहून माझी आई घाबरली होती.)

तेवढंही जमत नसेल तर बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान याला ध्यानात पेंग यायची तेव्हा बुद्धाने काय सांगितलं ते करा: कान ओढा, अंग चोळा, डोळ्यांवर पाणी मारा, आकाशाकडे बघा. कित्येक दिवस तोंड धुणं हीच माझी साधना होती.

सल्लसुत्त या प्रवचनातला दुसरा बाण ओळखायला शिका: पहिला बाण दुखण्याचा, दुसरा त्यावर आपलंच मन मारतं तो. सकाळी उठवत नाही, हा पहिला. ‘साधं उठताही येत नाही मला’, हा दुसरा. तो आला की मी नुसतं ‘दुसरा’ असं पुटपुटतो. थांबत नाही तो, पण खोल जात नाही.

मैत्रीभावना, म्हणजे मनातल्या मनात एकेकाचं भलं चिंतणं, परंपरेने स्वतःपासून सुरू होते. मला ते खोटं वाटायचं, म्हणून भाचीपासून सुरुवात केली. स्वतःचा नंबर बऱ्याच महिन्यांनी लागला.

गोळ्या मनाने बंद करू नका. मी केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अंथरुणाला खिळलो. सजगतेवर आधारलेला ८ आठवड्यांचा उपचारक्रमही मुळात, बरं झाल्यावर आजार उलटू नये म्हणून तयार झाला. दहा दिवसांच्या मौन शिबिराला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका.

आणि जीव द्यावासा वाटला तर आसन सोडा, जो जवळ असेल त्याला उठवा, डॉक्टरांना फोन लावा. मी रात्री अडीच वाजता बहिणीला उठवलं होतं. ती काही बोलली नाही, उजाडेपर्यंत शेजारी बसून राहिली.