विषय सुचत नसेल तर जुनाच पुन्हा रंगवा

नवं चित्र सुचत नाही म्हणून नवनव्या विषयांमागे धावू नका. रोज समोर असणारा खिडकीचा कोपरा निवडा आणि तोच सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला छोट्या कागदांवर रंगवा. एका कागदाला २० मिनिटं पुरेत. उजेड सरकला की हात थांबवायचा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२-९३ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या कॅथेड्रलचा (मोठ्या चर्चचा) दर्शनी भाग असाच पुन्हा पुन्हा रंगवला. एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवायचे आणि प्रकाश बदलला की दुसरा पुढे ओढायचा, ही त्यांची पद्धत. त्यातून ३० च्या आसपास चित्रं झाली.

रंगही मोजकेच घ्या. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा एवढे बास. पहिले दोन मिसळले की इतका गडद रंग मिळतो की काळ्याची ट्यूब उघडावीच लागत नाही (मला तर तो काळ्यापेक्षा जिवंत वाटतो). झगझगीत हिरवा मात्र मिळणार नाही, आणि हेच फार मोलाचं आहे, कारण छटा जुळवताना डोळा सावलीतला निळा शोधू लागतो. फसलेले कागदही फाडू नका. सगळे भिंतीवर शेजारी शेजारी लावा; मोठ्या चित्राची रचना बऱ्याचदा त्यांतच सापडते.