फ्लॅटमध्ये पिल बग पाळताना

कुंडी उचलल्यावर तिच्या तळाशी, ओल्या मातीत, राखाडी रंगाचे आणि बोट लागताच अंग दुमडून मिरीच्या दाण्याएवढी गोळी होणारे जे जीव दिसतात, ते पिल बग. ते कीटक नाहीत; खेकडा आणि कोळंबी ज्या कवचधारी वर्गात मोडतात, त्याच वर्गातले पण जमिनीवर स्थायिक झालेले हे प्राणी आहेत. त्यांचे श्वसन पोटाखालच्या चपट्या अवयवांतून चालते आणि हे अवयव ओलसर असतील तरच हवेतला प्राणवायू शरीरात जातो. त्यांच्या संगोपनातले बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. डबा कोरडा पडला तर ते मरतात आणि मातीत पाणी साचले तरीही मरतात.

सुरुवातीला दहा-पंधरा प्राणी पुरतात. ते सोसायटीच्या बागेत कुंड्यांखाली, विटांखाली किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात शोधावेत. ठाणेकरांना येऊरच्या जंगलाचा मोह होईल, परंतु तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि राष्ट्रीय उद्यानातून कोणताही वन्यजीव परवानगीशिवाय उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. तिथला पालापाचोळाही आणू नये. सह्याद्रीच्या जंगलात गोळी होणारी एक वाणीही आढळते, पण ती आकाराने बरीच मोठी असते आणि तिला पुष्कळ पाय असतात, तर पिल बगला पायांच्या सातच जोड्या असतात.

घरासाठी झाकणाचा, पाच-सहा लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, समोरासमोरच्या दोन बाजूंना तापवलेल्या सुईने बारीक भोके पाडावीत आणि तळाशी पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. या थरासाठी नर्सरीत मिळणारे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालते; मात्र त्यात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यावे आणि मग त्यात कुजलेल्या पानांचा चुरा व मऊ पडलेल्या लाकडाचे तुकडे मिसळावेत. रासायनिक खत घातलेली माती टाळावी. डब्याची एक बाजू ओलसर आणि दुसरी जवळजवळ कोरडी ठेवली की प्राणी आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडतात, आणि ते कुठे गोळा झाले आहेत यावरून पाणी कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे पाळणाऱ्यालाही कळते. नळाचे पाणी भांड्यात काढून रात्रभर उघडे ठेवावे आणि मगच फवारावे. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई-ठाण्याकडच्या हवेतच इतका दमटपणा असतो की फवारणीपेक्षा हवा खेळती ठेवण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, नाहीतर बुरशी चढते. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये मात्र ओल रोज तपासावी. डबा उन्हाच्या खिडकीत किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नये.

खाण्याच्या बाबतीत नवखे लोक भाजीवर भर देतात, आणि ते चूक आहे. पिल बगचे मुख्य अन्न म्हणजे वाळून गळलेली, कुजू लागलेली पाने. ती डब्यात सतत असायला हवीत, बाकी सारे तोंडी लावण्यापुरते. रस्त्याकडेला सर्रास दिसणाऱ्या देशी बदामाची मोठी पाने यासाठी उत्तम, आंबा, फणस आणि जांभूळ यांचीही चालतात. कडुनिंब आणि निलगिरी मात्र वर्ज्य. पाने वाहत्या रस्त्यावरची नसावीत, आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून वाळवली तर त्यांतले कोळी आणि मुंग्या आत येत नाहीत. आठवड्यातून एक-दोनदा गाजर, काकडी किंवा दुधीची पातळ चकती द्यावी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी काढून टाकावी. प्रथिनांसाठी चिमूटभर सुका जवळा पुरतो. तो खारवलेला असू शकतो, म्हणून आधी धुऊन घ्यावा, आणि आठवड्यातून एकदाच द्यावा, कारण जास्त झाला की बारीक कोळ्यांचा (माइट्सचा) सुळसुळाट होतो.

कवचाला कॅल्शियम लागते. अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, कुटून टाकावे, किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याचे आतले कवच) आणून त्याचा तुकडा कोरड्या बाजूला ठेवावा. पिल बग कात एकदम टाकत नाही: आधी मागचा अर्धा भाग सोडतो आणि काही काळाने पुढचा. त्यामुळे अर्धा पांढुरका, अर्धा काळपट प्राणी दिसला तर तो आजारी आहे असे समजून हात लावू नये. टाकलेली कातही तो खातो, ती तशीच राहू द्यावी.

मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते आणि पिल्ले तिथूनच बाहेर पडतात. ती पांढरी आणि अगदी इवली असल्याने डबा साफ करताना मातीबरोबर टाकली जाण्याची शक्यता असते; म्हणून संपूर्ण माती एकाच वेळी कधीही बदलू नये.

आपल्या शहरांत खरा धोका विषाचा आहे. पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूर फवारणारी गाडी येते, घरात मुंग्या-झुरळांसाठी खडूच्या रेघा आणि स्प्रे वापरले जातात; या औषधांना पिल बगही बळी पडतात. फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद करून डबा आतल्या खोलीत न्यावा आणि औषध लागलेल्या हाताने त्याला स्पर्श करू नये. मुंग्या चढू नयेत म्हणून डबा पाणी भरलेल्या ताटात, विटेवर ठेवावा. संख्या वाढली तर जास्तीचे प्राणी जिथून आणले त्याच बागेत परत सोडावेत. विकत आणलेले परदेशी मात्र बाहेर न सोडता दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.