काढा उकळण्याआधी वेल ओळखा: या चुका टाळा

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या कुंपणावर मी गुळवेल चढवली आहे. वर्षभर कोणी ना कोणी कात्री घेऊन येतं, "ताई, दोन कांडं नेते हं." न्या. पण आधी दोन मिनिटं थांबा.

पान पत्त्यातल्या बदामासारखं दिसलं की गुळवेल, असं ठरवून टाकणारे फार झालेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी येऊरच्या रस्त्याकडून वेल तोडून आणली. (तिकडे राष्ट्रीय उद्यान आहे, तोडायची नसते, हे वेगळंच.) सकाळ-संध्याकाळ ग्लासभर काढा. मी म्हटलं, काका, दाखवा तरी. "अगं, गुळवेल मला शिकवतेस?" दोन महिन्यांनी काकूंनी बोलावलं, "ह्यांचे डोळे बघ गं." पिवळेजर्द! यकृताला सूज. डॉक्टरांनी काढा बंद केला, तरी कावीळ उतरायला दीड महिना गेला. उरलेलं कांड पाहिलं तर अंगभर टपोऱ्या गाठी, कापल्यावर दुधासारखा चीक. ही टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीची भावकी. दोघींतला फरक सांगायला २०२२ मध्ये आयुष मंत्रालयालाही पत्रक काढावं लागलं. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, वरची साल कागदासारखी सुटते, दुधी चीक येत नाही आणि आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात. मी प्रत्येक कांड कापून बघते, स्वतःच्या कुंपणावरचंसुद्धा.

आणि खरी मिळाली म्हणून बारा महिने प्यायची नसते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर फार खाली जाऊ शकते. यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका.

कोरफडीचंही तसंच. पान कापलं की लगेच गर मिक्सरमध्ये! सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला की जुलाब ठरलेले. मी पान पेल्यात उभं करून ठेवते, चीक गळेपर्यंत माझा चहा पिऊन होतो, मग धुऊन सोलते. गरोदरपणी कोरफड आणि अडुळसा पोटात घेऊच नका.

ब्राह्मी म्हणून नर्सरीवाले बऱ्याचदा गोल पानांची मंडूकपर्णी देतात. खरी ब्राह्मी म्हणजे बारीक, मांसल पानांची जलब्राह्मी.

गोड पाल्यासाठी गुंज लावली असेल तर लाल-काळे दाणे नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, ते जहाल विषारी असतात.

आणि भज्यांचा तो पानओवा वेगळा. त्या कुंडीत फोडणीचा ओवा कधीच धरणार नाही, कितीही खत घाला.