रुबिकनवर उतरण्याआधी

आज १८ ऑगस्ट २०२३, निज श्रावणातला पहिला शुक्रवार. पुढच्या शुक्रवारी, २५ तारखेला, 'आर्मर्ड कोअर ६: फायर्स ऑफ रुबिकन' हा रोबोट बांधून लढायचा गेम येतोय; रुबिकन हा त्यातला ग्रह. मालिकेतला याआधीचा 'व्हर्डिक्ट डे' आला होता सप्टेंबर २०१३ मध्ये. मधल्या दहा वर्षांत हा गेम करणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरने दुसऱ्या गेमांतून अख्ख्या जगाला तलवार, ढाल आणि लोळण घेणं शिकवलं, आणि आम्ही मूठभर लोक आपले 'रोबोट कधी?' असं विचारत बसलो. गेल्या डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. माझा चहा निवला आणि मी ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचलो. तर आता हातात सात दिवस आहेत. काय काय करून ठेवायचं ते जसं आठवतंय तसं लिहितो, क्रमाची अपेक्षा नको.

आधी वेळेचं बघा, कारण यात बरेच जण फसणार आहेत. कन्सोलवाल्यांचं सोपं आहे, रात्री बारा वाजले की सुरू. पीसीवर मात्र जगभर एकाच क्षणी उघडणार, आणि तो क्षण आपल्याकडे पहाटे साडेतीनला येतो. म्हणजे बारा वाजता कॉफी घेऊन बसलात तर साडेतीन तास नुसतं बटण बघत बसाल. गुरुवारी नऊला जेवून झोपा, सव्वातीनचा गजर लावा. सुट्टी शुक्रवारची टाका, आणि ती आत्ताच टाका. कारण विचारलं तर 'घरी कार्य आहे' म्हणा. श्रावण आहे, कोणी खोदून विचारत नाही.

जागेचं पुढे. गेम ६० जीबी मागतो. तेवढी जागा रिकामी केली की झालं, असं मलाही एकदा वाटलं होतं. गेल्या वर्षी अशाच एका मोठ्या गेमसाठी मी रजा टाकली, प्रीलोड, म्हणजे आधीच डाउनलोड, करून ठेवला आणि वेळेवर बटण दाबलं. प्रीलोड कुलूपबंद येतो आणि उघडायच्या वेळी मशीन तो सोडवत बसतं, हे तेव्हा कळलं. त्या सोडवण्यालाही जवळजवळ तेवढीच जागा लागते. माझी डिस्क जुनी, फिरणारी, त्यात जागा काठोकाठ. 'डिस्क स्पेस अपुरी' असं आलं. लग्नाचे व्हिडिओ घाईघाईने दुसरीकडे हलवले, पुन्हा सुरू केलं, आणि गेम उघडला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. तोवर सगळ्यांनी पहिला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, मारून त्याचे फोटोही टाकले होते. म्हणून सांगतो, १२० जीबी मोकळे ठेवा आणि जमलं तर एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, टाका. प्रीलोड उघडला की त्याच दिवशी उतरवून घ्या. नेटचा महिन्याचा कोटा संपत आला असेल तर शेजारच्या काकांशी गोड बोलायला आतापासून सुरुवात करा.

मशीनची चिंता फार नको. किमान जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड लिहिलंय आणि शिफारस जीटीएक्स १०६०, सहा जीबीवाल्याची. म्हणजे पाच-सहा वर्षं सांभाळलेलं कार्ड अजून चालणार. वाचून मला जुन्या स्कूटरच्या मालकाला होतो तसा आनंद झाला. रॅम मात्र १२ जीबी मागितलीय. बारा कोणाकडेच नसते, आठ असते नाहीतर सोळा. आठवाल्यांनी एक काडी वाढवून घ्यावी. कॅबिनेट उघडून धूळ काढा. रंगकामाचा कोरडा ब्रश चालतो, पण पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. आणि पावसाळा आहे, लाईट जाणारच. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर या आठवड्यात बदला. मोहिमा तुकड्यातुकड्यांच्या असतात, त्यामुळे गेली तरी एकच मोहीम जाईल. पण ती नेमकी कुठली असेल ते सांगायला नको.

आता पॅड, म्हणजे हातात धरायचा कंट्रोलर. इथे जरा थांबतो, कारण अर्धी लढाई बोटांची आहे. १९९७ मध्ये पहिला गेम आला तेव्हा नेहमीच्या पॅडला अंगठ्याने फिरवायच्या स्टिकच नव्हत्या. बाजूला सरकायचं खांद्यावरच्या दोन बटणांनी, वर-खाली बघायचं उरलेल्या दोन बटणांनी. स्टिक आल्या तरी मालिकेने ही सवय बरीच वर्षं सोडली नाही, आणि लोकांनी पॅड वेडावाकडा धरायच्या पद्धती काढल्या. माझ्या मामेभावाकडे नाशिकला प्लेस्टेशन २ होता, त्यावर तो 'आर्मर्ड कोअर'चा एक भाग खेळायचा. त्याचा उजवा हात बघून आजी म्हणायची, 'अरे, याला खेकडा चावला का?' तर्जनी वरून वाकवून चार बटणांवर, अंगठा खाली स्टिकवर, मधलं बोट मागे. त्याच हाताने तो मला हरवायचा आणि दुसऱ्या हाताने चिवडा खायचा, असं मला वाटायचं. तसं शक्य नाही हे नंतर कळलं.

नव्या गेममध्ये कॅमेरा उजव्या स्टिकवर आलाय आणि चार शस्त्रं चार खांदाबटणांवर: उजवा हात, डावा हात, उजवा खांदा, डावा खांदा. चारही एकदम झाडता येतात. गोची एवढीच की झटक्यात बाजूला उडी मारायचं बटण उजव्या अंगठ्याखालच्या चारांपैकी एक आहे. म्हणजे क्षेपणास्त्रं अंगावर येत असताना अंगठा स्टिकवरून उचलायचा, बटण दाबायचं, परत स्टिकवर जायचं, आणि तेवढ्यात शत्रू डोक्यावरून मागे गेलेला. ज्यांच्या पॅडला मागे जादा बटणं आहेत त्यांनी उडी आणि वर उठणं ही दोन कामं तिकडे टाकावीत. नसतील तर बटणं बदलायचा पर्याय पहिल्याच दिवशी उघडा, तिसऱ्या दिवशी नको; तोवर बोटं चुकीचं शिकून बसतात. जुन्या पॅडची डावी स्टिक सोडल्यावर आपोआप सरकते का, तेही आज बघा. उंच मनोऱ्याच्या कडेवर उभं असताना ते कळायला नको.

पॅडच्या शेजारी एक वही ठेवा. हसू नका. फ्रॉमसॉफ्टवेअर ही कंपनी १९८६ साली निघाली तेव्हा ती ऑफिसांसाठी सॉफ्टवेअर करायची, गेम नंतर आले. ती सवय 'आर्मर्ड कोअर'मध्ये मला अजून दिसते. मोहीम संपली की टाळ्या वगैरे मागाहून, आधी हिशेब: मेहनताना इतका, त्यातून गोळ्यांचे वजा, दुरुस्तीचे वजा, हाती उरले इतके. मारा कितीही भारी केलात तरी उगाच उधळलेल्या गोळ्या वळत्या होतात. पहिल्या गेममध्ये तर खातं उणे ५०,००० च्या खाली गेलं की तुम्हाला प्रयोगासाठी उचलून नेत, शरीरात फेरफार करत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत. त्या फेरफारामुळे काही शक्ती फुकट मिळायच्या, म्हणून पोरं मुद्दाम बुडायची! सहाव्या भागातला नायकही असाच फेरफार केलेला माणूस आहे आणि त्याला नाव नाही, नुसता क्रमांक, ६२१. हा योगायोग नसावा, असं आम्हा जुन्या लोकांना वाटतं.

तर वहीत काय लिहायचं? रोबोटचे भाग: डोकं, धड, हात, पाय. आत बूस्टर, नेम धरणारी यंत्रणा आणि जनरेटर. प्रत्येक भागाचं वजन आहे आणि प्रत्येक भाग वीज खातो. पाय ठरावीक वजन पेलतात, जनरेटर ठरावीक वीज देतो. या दोन रेघांच्या आत सगळं बसवायचं. प्रवासाची बॅग भरताना वजनकाट्यावर चढवून, लोणच्याची बरणी काढून, पुन्हा चढवून जे आपण करतो, तेच हे. जड बंदूक हवी तर पाय जाड घ्या. पाय जाड झाले की चाल मंदावते. चाल मंदावली की मार जास्त बसतो. मार जास्त म्हणून चिलखत वाढवलं, की वजन पुन्हा रेघेबाहेर. हा फेरा सोडवताना मला जी मजा येते ती प्रत्यक्ष गोळीबारात अर्धीच येते, हे इथे कबूल करतो.

एक सवय आधीच मोडून ठेवा. हरलात की 'अजून दहा वेळा जातो, हात बसेल' असं म्हणू नका. मागच्या दहा वर्षांत कंपनीच्या त्या तलवारीच्या गेमांनी हेच शिकवलंय, आणि या वेळी नवे लोक तिकडूनच येणार आहेत. दिग्दर्शक मासारू यामामुरा स्वतः त्यातल्याच 'सेकिरो'वर मुख्य डिझायनर होते, कंपनीचे अध्यक्ष हिदेताका मियाझाकींनीही पूर्वी 'आर्मर्ड कोअर ४' आणि 'फॉर आन्सर' दिग्दर्शित केले होते, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण इथे हरलात तर गॅरेजात जा. शत्रू हवेत असेल तर चार पायांचं यंत्र बांधा, ते हवेत तरंगून गोळ्या झाडतं. शत्रू चिवट असेल तर त्याचा तोल घालवणारी शस्त्रं लावा. डोक्यावरची पट्टी भरली की तो क्षणभर लुळा पडतो, आणि खरा मार तेव्हाच द्यायचा. उलट्या गुडघ्यांचे पाय उंच उडतात, रणगाड्याचे पाय चिलखत वाहतात. या मालिकेत घेतलेला भाग घेतल्या भावाने परत विकता येतो, तेव्हा प्रयोगाला भिऊ नका. आपल्या मोबाइलच्या दुकानदाराने हे एकदा खेळून बघावं.

सरावासाठी जुने भाग शोधत फिरायची गरज नाही. कथा नवी आहे, जग नवं आहे, मागचं काही अडत नाही. हात मोकळा करायचाच असेल तर 'डीमन एक्स मॅकिना' पीसीवर मिळतो. त्याचे निर्माते केनिचिरो त्सुकुदा पूर्वी 'आर्मर्ड कोअर'वरच होते, आणि यंत्रं रेखाटलीत शोजी कावामोरींनी, ज्यांनी पहिल्या 'आर्मर्ड कोअर'चीही रेखाटली होती. कथा मला कंटाळवाणी वाटली. उडण्याचा सराव होतो, तेवढ्यासाठी चार-पाच संध्याकाळी पुरेत.

बोधचिन्ह आधी कागदावर काढून ठेवा. गेममध्ये गोल, चौकोन, त्रिकोण एकावर एक रचून चिन्ह करायचं असतं, आणि पहाटे चार वाजता कुणाला काही सुचत नाही. मी चौकटींच्या कागदावर कावळा काढलाय. मालिकेत भाडोत्री वैमानिकांना 'रेव्हन' म्हणायची जुनी पद्धत आहे. साहेबाचा रेव्हन रुबाबदार, काळाकुट्ट, गूढ. माझा जरा मान वाकडी करून बघतोय, कठड्यावर बसून पिंडाला शिवावं की नाही अशा विचारात. बायको म्हणाली, 'हा लढणार? हा भात मागेल.' तोच ठेवणार आहे.

फोनवर गेमच्या नावाचे शब्द म्यूट करा, निदान पंधरा दिवस. आपल्या ग्रुपमध्ये ठरवून टाका की शेवटाबद्दल कोणी ब्र काढायचा नाही, आणि ज्याला राहवत नाही त्याला आत्ताच बाहेर काढा, नाव घेत नाही. तीन विरुद्ध तीन असं आपसांत लढता येणार आहे, पण कथा प्रत्येकाने एकट्यानेच खेळायची. तेव्हा 'मला तो बॉस मारून दे' म्हणून रात्री फोन करू नये.

बुधवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. त्याचा गेमशी संबंध नाही. काल विक्रम लँडर चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलपासून वेगळा झाला, आणि २३ तारखेला संध्याकाळी चंद्रावर उतरायचा आहे. त्यालाही चारच पाय. तो नीट उतरू दे, मग शुक्रवारी आपण रुबिकनवर.

राहिलं घर. आज सकाळी आईने देवाजवळ जिवतीचा कागद लावला, आघाडा-दूर्वांची माळ घातली. पुढच्या शुक्रवारी पुरणाचा बेत आहे आणि दिवेलागणीला औक्षण. मी तिला सांगितलं की त्या दिवशी माझी सुट्टी आहे, तर ती खूश झाली. कशासाठी ते अजून सांगितलेलं नाही. ती म्हणाली, 'बरं झालं, मग पहाटे उठून वाटण-घाटण करायला मदत कर.' मी म्हटलं, उठणार आहे गं, साडेतीनलाच. आता हिशेब असा: साडेतीन ते सात खेळ, सातला आंघोळ, आठ ते दहा पुरणयंत्र फिरवायचं, मग पुन्हा खेळ, आणि संध्याकाळी सहाला रोबोट गॅरेजात उभा करून पाटावर बसायचं. वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहिलंय, वजनाचा तक्ता दुसऱ्या पानापासून आहे.