घरच्या सुऱ्यांना धार: साधा दगड घ्यावा की महागडा सेट?

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी टूल अँड कटर ग्राइंडरवर काम करतो. दिवसभर कटर, रीमर आणि ड्रिलना धार लावायची, त्यामुळे सोसायटीत कुणी नवी सुरी आणली की पुढचा प्रश्न माझ्याकडे येतो. धारेसाठी काय घेऊ? सुरी ओढायचा दोन-तीनशेचा शार्पनर, की ऑनलाइन दिसतो तो हजारोंचा सेट? बहुतेक घरांना माझं उत्तर एकच असतं: दोन्ही नको, एक चांगला दगड घ्या. पण काही घरांना मी महागडा सेटही घ्यायला सांगतो. ते कशावरून ठरवायचं, ते सविस्तर लिहितो.

यंत्रणा कुठलीही असो, धार लागताना तीनच गोष्टी घडतात. पात्याच्या दोन्ही बाजू ठरावीक कोनात घासल्या जातात, त्या कडेला एकमेकींना भेटतात, आणि कडेवर राहिलेली बर, म्हणजे पलीकडे वळलेला धातूचा बारीक धागा, निघते. महागड्या सेटमध्ये तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः पहिल्या गोष्टीचे, म्हणजे कोन धरून ठेवण्याचे. बर काढायचं काम तिथेही तुम्हालाच करावं लागतं.

आधी सुरी तपासा. ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा आणि डोळ्यांच्या रेषेत बघा. धारदार कड दिसतच नाही; बोथट झाली असेल तिथे बारीक चमकणारी रेघ दिसते. चमक अगदी पुसट असेल आणि टोमॅटोवर सुरी फक्त घसरत असेल, तर बऱ्याचदा धार गेलेली नसते, नुसती एका बाजूला वळलेली असते. त्याला होनिंग रॉड, म्हणजे वळलेली कड सरळ करायची मुठीची दांडी, पुरतो. दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चार-पाचदा फिरवला की कड सरळ होते. मात्र जपानी सुरी असेल तर स्टीलचा खरबरीत रॉड वापरू नका. साध्या स्विस किंवा जर्मन सुऱ्यांचं स्टील ५५ ते ५८ एचआरसीच्या (स्टीलचा कठीणपणा मोजायचं माप; आकडा मोठा तितकं स्टील कठीण) आसपास असतं, ते वळतं आणि परत सरळही होतं. व्हीजी-१० सारखं ६० एचआरसीचं जपानी स्टील वळण्याऐवजी टवके सोडतं. त्याला सिरॅमिक रॉड, तोही अगदी हलक्या हाताने.

आता त्या ओढायच्या शार्पनरबद्दल. त्यात कार्बाइडच्या, म्हणजे स्टीलपेक्षा खूप कठीण धातूच्या, दोन पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवलेल्या असतात. सुरी ओढली की त्या कडेचा धातू अक्षरशः खरवडून काढतात. दोन मिनिटांत सुरी कापायला लागते हे खरं, पण कड भिंगातून बघा, करवतीसारखी फाटलेली दिसते. अशी धार आठवड्या-दोन आठवड्यांत बसते, तुम्ही पुन्हा ओढता, आणि पातं झिजत जातं. मुठीजवळचा भाग त्या फटीत नीट पोहोचत नाही, म्हणून त्याच्या लगेच पुढे खळगा पडतो आणि कोथिंबीर चिरताना देठ अर्धवट तुटून लोंबत राहतात. पन्नास-साठ रुपयांच्या प्लॅस्टिक मुठीच्या सुरीला हे चालेल. दोन-तीन हजारांची सुरी त्यात कृपया घालू नका.

दगडाकडे येतो, कारण माझा जीव त्यातच आहे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानात कॉम्बिनेशन स्टोन मागा. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक बाजू खरबरीत, एक बारीक. विळी, कोयता आणि खुरप्याला तो उत्तम. पण त्याची बारीक बाजूही स्वयंपाकाच्या सुरीला जरा जाडच पडते. म्हणून सुरीसाठी १००० ग्रिटचा पाण्याचा दगड (पाणी लावून वापरायचा; ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक) वेगळा घ्या. घरासाठी एकच दगड घ्यायचा तर तो १००० चा. पुढचा ३००० किंवा ६००० चा दगड हौस म्हणून नंतर घेता येतो; भाजी चिरायला त्याची गरज पडत नाही. सुरी फारच बोथट झाली असेल किंवा टवका उडाला असेल तर मात्र ४०० ची सोय हवी, नाहीतर १००० वर घासता घासता संध्याकाळ होईल.

दगड भिजवायच्या प्रकारचा असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. ज्या दगडावर नुसतं पाणी शिंपडायचं असतं तो बुडवून ठेवू नका, तडकू शकतो. ओट्यावर ओलं फडकं घडी करून त्यावर दगड ठेवा, म्हणजे तो सरकत नाही.

कोनासाठी अंदाज पंचे करायची गरज नाही. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचलली की सुमारे १५ अंश होतात, १५ मिलिमीटर उचलली की २० अंश. जपानी सुरीला १५, बाकी सगळ्यांना २० धरा. धारेच्या उतारावर परमनंट मार्करने रंग लावा आणि दोनदा घासून बघा. शाई फक्त वरच्या बाजूला पुसली गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त कडेला पुसली गेली तर फार वर. सगळी पुसली गेली की कोन जमला. हातात तो कोन बसेपर्यंत मार्कर जवळच ठेवा.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगणं अवघड, म्हणून दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. घासताना काटा एक-दीड किलो दाखवू दे, शेवटच्या हलक्या फेऱ्यांना दोन-तीनशे ग्रॅम. एक बाजू घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बर येत नाही. अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेच्या दिशेने, कडेच्या बाहेर हलकेच सरकवा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. खरखर लागली की बर आली. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मुठीशी लागते आणि टोकाशी नाही, असं असेल तर टोकाकडे अजून घासायचं आहे. मग सुरी उलटी करून दुसरी बाजू तशीच घासा. नंतर एकेका बाजूला एकच फेरी, आलटून पालटून, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढा. कापसाचा बड कडेवरून फिरवल्यावर तंतू कुठे अडकला, तर तिथे बर शिल्लक आहे. वर्तमानपत्र सरसर कापणारी सुरी दोन दिवसांत बोथट होते, अशी तक्रार मी सारखी ऐकतो. त्यामागे जवळपास नेहमी हीच न काढलेली बर असते.

आणि विळी! परदेशी सेटच्या माहितीत हिचा उल्लेख कुठेच नसतो, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत नारळ, फणस, मासळी, पालेभाजी तिच्यावरच होते. विळीचं पातं वाकडं आणि पाटाला ठोकलेलं; सेटमधल्या पातं धरायच्या चिमट्यात ते बसणार नाही. तिथे पातं दगडावर न्यायचं नसतं, दगड पात्यावर न्यायचा असतो. पाट पायाने घट्ट दाबा, कॉम्बिनेशन स्टोन ओला करा, बोटं दगडाच्या मागे राहतील असा धरा आणि बुंध्याकडून टोकाकडे वळण धरून फिरवा, दोन्ही बाजूंनी. लोखंडी विळी असेल तर नंतर कोरडी पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ज्या घरात रोज विळी चालते, तिथे मी महागड्या सेटचा विषयच काढत नाही.

मग तो सेट कुणी घ्यावा? ज्यांचा हात थरथरतो किंवा मनगट दुखतं, त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे एकसारख्या चार-पाच चांगल्या सुऱ्या आहेत आणि शिकायला वेळ नाही, त्यांनीही. त्यात दोन प्रकार घरासाठी कामाचे. एकात पातं चिमट्यात धरून दांडीला लावलेला दगड फिरवायचा. लॅन्स्कीच्या सेटमध्ये १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं असतात, दांडी त्यातून जाते. लहान-मध्यम सुरीला हा झकास. मात्र आठ इंचांपेक्षा लांब पात्याला चिमटा जागा बदलून दोनदा लावावा लागतो, कारण चिमट्यापासून लांब गेलं की कोन कमी होत जातो. दुसरा प्रकार म्हणजे सुरी चुंबकाच्या ठोकळ्याला चिकटवून बाजूने गोल चकती लाटत न्यायची. त्यात बहुधा १५ आणि २० असे दोनच कोन असतात, शिकायला पाच मिनिटं लागतात, पण फळं सोलायची छोटी सुरी त्यात नीट बसत नाही आणि बर पूर्ण निघत नाही, चामड्यावर ओढावीच लागते.

टॉर्मेकसारखं स्वीडिश मशीन, ज्याचं दगडी चाक पाण्यात संथ फिरतं, ते बघून माझे डोळे चमकतात. १९७३ पासून ते लोक हेच करत आहेत, आणि पाण्यामुळे पातं तापत नाही. केटरिंगवाले, सुतार, खाटीक यांनी विचार करावा. तीन सुऱ्यांच्या घराला त्याची गरज नाही.

तापण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. कोरड्या वेगवान ग्राइंडरवर सुरी देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा कड क्षणात तापते, आणि कडेला निळसर डाग दिसला की तिथलं पाणी उतरलं समजा. तो भाग मऊ पडतो, पुढे धार धरत नाही. सायकलला चाक लावून दारावर येणारा धारवाला मात्र मला आवडतो. त्याला कोयता, कात्री, विळी बिनधास्त द्या, फक्त मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा. कात्रीची आतली सपाट बाजू घासू देऊ नका, फक्त बाहेरचा उतार.

दगड घेतलात तर त्याची काळजीही घ्या. सारखा मधोमध घासला की तिथे खोलगट होतो आणि कोन बिघडतो. पेन्सिलने दगडावर चौकटी आखा, जाड काचेवर २२० चा पाणी-पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) पसरा, पाणी टाका आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड गोल गोल फिरवा. मधल्या रेघा सर्वांत शेवटी जातात. पाण्याच्या दगडावर तेल टाकू नका, आणि कुठल्याच दगडावर खायचं तेल नको, ते चिकट होऊन दगड बंद करतं. वाळवताना उन्हात ठेवू नका, सावलीत उभा करून ठेवा.